कांद्याच्या जाळीदार पिशव्या

निवृत्तीनंतर आम्ही काही मराठी मंडळी रविवारी तंजावूरहून बस धरून समुद्रावर जायचो. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, म्हणून पुढारीपण माझ्याकडे. लागवडीतून सुटून समुद्रगवतावर चढलेलं परकं शेवाळ शोधायचं, हाताने उपटायचं आणि किनाऱ्यावर आणून वाळवायचं, हे आमचं काम. कोळी होड्या देत. गवत गुदमरलं की त्यांचे मासे आणि खेकडे तिथे राहत नसत.

बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या बांधून तेच शेवाळ वाढवणारी एकच बाई त्या किनाऱ्यावर उरली होती. विधवा, घर त्या तराफ्यांवरच चालायचं. आम्ही साफ केलेल्या भागात पुन्हा शेवाळाचे नवे गठ्ठे दिसू लागले, तेव्हा माझा संशय तिच्यावर गेला. ही मुद्दाम तुकडे टाकते आणि वाढले की कापून विकते, असं मी ठरवूनच टाकलं.

मग तिची होडी कुठे वळते, टोपलीवर ओला गोणपाट कशाला, सगळंच मला खटकू लागलं. एकदा सगळ्यांसमोर मी तिला टोपली उघडायला लावली. आत सुतळी आणि जेवणाचा डबा.

"मग गोणपाट ओला कशाला?"

"डब्यातलं ताक तापू नये म्हणून, रायर." तंजावूरच्या मराठी माणसाला तिकडे रायर म्हणतात. "थोडं देऊ का? डोकं थंड होईल."

कोळी हसले. मला वाटलं, आज सावध होती.

गावाच्या पंचायतीपुढे मी बोललो. पुरावा नव्हता, पण मास्तरचा शब्द होता, तेवढा पुरला. तराफे काढायला तिला महिन्याची मुदत मिळाली.

मुदत संपायच्या आधीची गोष्ट. उपटलेलं शेवाळ आम्ही कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरायचो. युक्ती माझीच; पिशव्या मी घरोघर फिरून जमवलेल्या. होडीत पाणी साचू नये म्हणून त्या होडीच्या कडेला बांधून पाण्यातून ओढत आणायचो. त्या रविवारी किनाऱ्याशी पिशवी वर घेतली, तर निम्मी रिकामी. मागे पाण्यावर बोटाएवढे तुकडे तरंगत होते. या शेवाळाचा तुकडा पडला तरी तिथे नवं रोप धरतं, हे मीच सर्वांना शिकवलं होतं. आणि नवे गठ्ठे सगळे आमच्या परतीच्या वाटेवर होते.

पुढच्या खेपेला मी झाकणाची पिंपं आणली. पिशव्या फाटतात, एवढंच सांगितलं. तिने तराफे काढले. गठ्ठे कमी होत गेले. लोक म्हणाले, रायर बरोबर होते. मला शाल पांघरली आणि मी ती घेतली.

पहिला गठ्ठा तिच्या तराफ्यातून सुटला असेलही. नंतरचे आमचे होते.

गेल्या महिन्यात हे पंचायतीला सांगितलं आणि तिच्या घरी गेलो. ती आता कोळंबी सोलायला जाते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तराफे परत लावू देतील?"

"विचार करतो म्हणाले."

"इतक्या वर्षांनी आलात. आता काय हवंय माझ्याकडून?"

"काही नाही."

तिने माझ्या हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिलं. "यात काय आहे?"

"पाण्याची बाटली. छत्री."

"उघडा."

शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. मी पिशवी तिच्या ओट्यावर पालथी केली.