तिसऱ्या सोमवारनंतरचा रिपोर्ट

SGOT दोनशे दहा, SGPT नव्वद. दोन्ही चाळिशीच्या आत हवेत. रिपोर्ट माझ्या हातात होता आणि समोर संतोष आणि त्याचे वडील बसले होते. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. पंधरा दिवसांनी संतोषची ओझरच्या कारखान्यात नोकरीसाठी मेडिकल होती. "आधी आपल्या डॉक्टरांकडं तपासू," म्हणून वडिलांनीच त्याला आणलं होतं.

लिव्हरच्या पेशी दुखावल्या की ही दोन एन्झाइम्स रक्तात वाढतात. त्यात SGOT हे SGPTच्या दुपटीहून जास्त असलं की डॉक्टरच्या मनात पहिली येते दारू. माझ्याही आली. आणि मी अगोचरपणा केला.

"किती पितोस?"

"नाय पीत, डॉक्टर."

"कागद खोटं बोलत नाही."

वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ते उठले आणि बाहेर जाऊन बसले.

मी संतोषला टेबलावर झोपवलं. लिव्हर हाताला लागत नव्हतं, म्हणजे सुजलेलं नव्हतं. डोळे पिवळे नव्हते, काविळीचं बिलिरुबिनही नॉर्मल. दारूची एकही खूण दिसेना. मग माझी धाकधूक वाढली. छुपा हिपॅटायटिस असेल तर नोकरी हातची जाणार. तेवढ्यात तो टेबलावरून उतरताना कळवळला आणि मांडी धरून उभा राहिला.

"पायाला काय झालं?"

"श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या डोंगराची फेरी केली ना. पोरांत पैज लागली, लय पळालो."

"आणि रक्त कधी दिलंस?"

"मंगळवारी सकाळी."

मी रिपोर्ट पुन्हा उचलला. SGOT स्नायूंतही भरपूर असतं, SGPT थोडं. हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो. स्नायू फार तुटले की लघवी चहासारखी होते, म्हणून तिचा रंग विचारला; तो साधाच होता. भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि स्नायूंची CPK टेस्ट पाठवली. ती आभाळाला भिडलेली आली. हिपॅटायटिसच्या टेस्ट निगेटिव्ह.

दहा दिवस पळणं नाही, ओझं उचलणं नाही. ते दहा दिवस मलाच धड झोप नव्हती. अकराव्या दिवशी दोन्ही आकडे चाळिशीच्या आत आले.

मी वडिलांची माफी मागितली.

"तुमाला कागदानं फसवलं, डॉक्टर," ते म्हणाले. "मी तर त्याचा बाप हाय. मी दहा दिवस बोललो नाय त्याच्याशी."

संतोष नोकरीला लागला. श्रावणात मी आता आधी पेशंटचे पाय बघतो, मग रिपोर्ट.