बातम्या संपल्यावर

दुपारी ओसरीवर आईला विचारत होतो, औषध घेतेस का, जेवण जातं का. ती पदर सावरून, हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसलेली. शेजारीण बोलत आली, तर आईनं तिलाच दटावलं, "गप गं, आमचा दादा बोलतोय."

आधी रेडिओ, मग टीव्ही. माझी सारी नोकरी बातम्या वाचण्यात गेली. घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझा आवाज लागला की घर चिडीचूप होई, याचा केवढा अभिमान होता! आज त्याचीच लाज वाटली. एवढं बोललो, पण घरच्यांशी कधी बोललो?

मी तोंड मिटलं. माझ्या ओठांकडे बघत आईनं विचारलं, "झाल्या बातम्या?"

मी मान हलवली.

"मग सांगते. दिवाळीपासून मला नीट ऐकूच येत न्हाई रं."