ओढ्याच्या चढावरचा डबल क्लच

“पहिलाच टाक आणि वरपर्यंत पहिल्यावरच ने,” ओढा दिसू लागताच शेठ म्हणाले.

मी टाकला. मालक शेजारी बसलेले, मागं पणदऱ्याच्या गुऱ्हाळांतल्या गुळाच्या ढेपा खच्चून भरलेल्या, दुसरं काय करणार? पण त्या चढावर गिअर न बदलता जाणं माझ्या किती जिवावर आलं होतं, ते शेठना कळणं शक्य नव्हतं. तुम्हालाही कळायचं नाही. त्यासाठी आधी तो जुना गिअरबॉक्स समजून घ्यावा लागेल.

गिअर बदलणं म्हणजे दात्यांची दोन चाकं फिरता फिरता एकमेकांत अडकवणं. दोन्हींचा वेग जुळला तरच ती अडकतात. आताच्या गाड्यांत हा वेग जुळवायला आत एक पितळी कडी असते. ड्रायव्हरनं दांडा ढकलायचा, बाकीचं कडी बघून घेते, आणि हा पठ्ठ्या स्वतःला ड्रायव्हर म्हणवतो. मी सांगतोय ते एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतलं. आमच्या लॉरीला असली कडीबिडी नव्हती. चढावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं तर क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाला नेमकी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा दुसऱ्यात टाकायचा. याला डबल क्लच म्हणत. हे सगळं गाडीचा जोर मरायच्या आत. रेस किती, ते फक्त कान सांगायचा. चुकली की दाते असे करकरत की रानातली माणसं मान वर करून बघत. गिअर पडलाच नाही तर भरलेली गाडी मागं घसरायची.

शेठच्या आधीच्या ड्रायव्हरची गाडी याच चढावरून घसरून ओढ्यात गेली होती. ढेपा पाण्यात पडल्या. खालच्या वस्तीवर पाणी गोड लागत होतं, असं लोक अजून सांगत. त्यामुळं शेठचा धसका खरा होता.

माझी अडचण निराळी होती. त्या चढाच्या माथ्यावर माझी सासुरवाडी.

सासरे, तात्या, मोठे बागाईतदार. पाटाच्या पाण्यावर वांगी, मिरची, लिंबं पिकवायचे. त्यांनी मुलगी दिली ती शेतकऱ्याच्या घरात. मी शेत भावावर सोपवून बारामतीला आलो आणि स्टिअरिंग धरलं, हे त्यांना मुळीच रुचलं नाही. माझ्या बायकोला, सारजाला, दिवाळीला म्हणून माहेरी नेली ती ठेवूनच घेतली. निरोप आला: लॉरी सोडा, नांगर धरा, मग पोर पाठवतो.

बोलावणं आल्याशिवाय जावयानं सासऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही, ही तेव्हाची रीत. रस्त्यावरून हॉर्न वाजवावा तर गावभर बोभाटा, की जावई बायकोला भोंगा वाजवून बोलावतो. मग उरला एक गिअर.

लग्नानंतर एकदा तिला केबिनमध्ये बसवून मी बारामतीला आणलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, “समद्यांच्या गाड्या हितं चढावर वरडत्यात. तुमची न्हाय वरडत.” उभ्या आयुष्यात मला मिळालेलं हे एकच सर्टिफिकेट. म्हणून इंदापूरच्या बाजाराला जाताना दर खेपेला मी त्या चढासाठी जीव गोळा करायचो. बरोबर अर्ध्यावर, तात्यांचं रान दिसू लागलं की रेस द्यायचो, आणि लोण्यात बोट जावं तसा दांडा आत जायचा. ती ऐकत असेल, एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. कधी वांग्याच्या वाफ्यात तिचं लुगडं दिसायचं. ती मान वर करायची नाही, करता येत नव्हती. मला तिची फार आठवण यायची. खोलीवर जाऊन भाकरी थापताना तर नकोसं व्हायचं.

आणि त्या दिवशी शेठना इंदापूरला एका व्यापाऱ्याला भेटायचं होतं, म्हणून ते शेजारी येऊन बसले.

“दुसऱ्यावर येते गाडी, शेठ,” मी म्हणून पाहिलं.

“येते ते मला ठाऊक आहे. नाही आली तर काय होतं, तेही ठाऊक आहे.”

पायथ्यापासून माथ्यापर्यंत गाडी एकाच सुरात घुमत, म्हशीच्या चालीनं चढली. मी रानाकडं पाहिलं. वाफ्यांत कोणी नव्हतं. परतीला तोच रस्ता उताराचा, आणि उतारावर सांगण्यासारखं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बारामतीला शेठच्या वखारीपुढं लॉरीखाली उताणा पडून ग्रीस भरत होतो. बैलगाडी थांबल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तात्यांचा.

“शेठ, लॉरीवर नवा डायवर ठिवला व्हय?”

शेठ म्हणाले, नाही, का बरं?

“मग आमचं जावई कुठं हायती? काल लॉरी गेली तवापास्नं पोरीनं आन्नाला हात लावला न्हाय. म्हणती, गाडी तीच हाय, पर हात दुसरा हाय. त्यांचं कायतरी बरंवाईट झालंय.”

खाली मला हुंदका आवरेना. शेठनी बहुधा माझ्या पायांकडं बोट दाखवलं असावं. जोडव्यांची पावलं माझ्या पायांपाशी येऊन थांबली. मी ग्रीसनं माखलेलं तोंड घेऊन बाहेर सरपटलो. सारजा अंगावरच्या लुगड्यानिशी निघून आली होती. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, “काल चढावर गिअर का न्हाय बदलला?”

“शेठ बसलं हुतं शेजारी,” मी म्हणालो. ती तिथंच मडगार्डला टेकून रडायला लागली.

शेठनी चहा मागवला, तो तात्यांनी बशीत ओतून सावकाश संपवला.

“जावईबापू, लॉरी न्हाय सोडायची म्हणता?”

“न्हाय, तात्या.”

“मग हिला ऱ्हाऊ द्या हितंच. तिकडं नुसती रस्त्याकडं कान लावून बसती. कामाला उपेग न्हाय.”

बैल सोडले नव्हतेच. तात्या तसेच परत गेले.

सारजा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नातवाच्या ट्रकमध्ये कधीमधी बसतो. गिअर कधी बदलला, ते शेजारी बसूनही कळत नाही. गाडी चांगली आहे, तक्रार नाही. पण आता कोणत्याही चढावर रेस द्यावी असं कोणी राहिलेलं नाही, आणि ते मला अजून सोसत नाही.

धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच. दिवाळीपासून मी तो गिअर बिनचूक टाकत होतो, तोवर तात्या जागचे हलले नाहीत. बायको घरी आली ती न टाकलेल्या गिअरमुळं. काम नीट चाललेलं असतं तोवर तुमची चौकशी करायला कोणी येत नाही.