बाराचा बोल्ट

बारा मिलिमीटरचे बोल्ट करायचे म्हणून मी लेथवर साठ तुकडे बरोब्बर बाराला उतरवले आणि खुशीत आत्याच्या, बोल्टवर आटे उठवायच्या मशीनपाशी नेऊन ठेवले. ती मायक्रोमीटर शोधायला लागली, तर म्हटलं, "मोजलंय मी." पहिलाच तुकडा आत गेला आणि काडकन आवाज झाला. आटे उठवणाऱ्या पोलादी ठशाचा, डायच्या कडेचा टवका उडाला.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, या कारखान्यात एकवीस वर्षं खोक्यांत बोल्ट भरत होती. आटे रोल करणारा म्हातारा निवृत्त झाला तेव्हा ती मालकांपुढे जाऊन म्हणाली, "ते मशीन मला द्या." मालकांनी दिलं, पण अट घातली: डाय मोडली की मशीन विकणार, आटे बाहेरून करून घेणार, आणि तुम्ही पुन्हा खोक्यांपाशी. चार वर्षांत तिनं डायवर ओरखडा येऊ दिला नव्हता. ते काम भाच्यानं केलं.

"किती ठेवलेस?"

"बारा. बोल्ट बाराचाच आहे ना?"

"अरे पदवीधरा, आटे कापायचे असते तर बारा. कापताना लोखंड खरवडून खाली पडतं. इथं काय पडलंय, बघ."

खाली फक्त तेल होतं.

"इथं दोन डायांमध्ये दाबलेलं लोखंड वर चढतं. दहा पूर्णांक आठची सळई दिली की आटे आपसूक बारापर्यंत येतात. तू आधीच बारा दिलेस. मग चढणार कुठं ते? माझ्या डोक्यावर?"

मालक आले. टवका उचलून पाहिला. "कुणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "पहिला तुकडा मोजायचं काम माझं. मी मोजला नाही."

"अट आठवते ना?"

"आठवते. संध्याकाळपर्यंत थांबा."

मी उरलेले तुकडे पुन्हा लेथवर चढवून बारीक केले. तिनं दोन्ही डाय काढून उलट्या बसवल्या, म्हणजे शाबूत कड कामाच्या बाजूला आली. दोन्हींचे आटे एकमेकांशी जुळवायला दोन तास गेले. मग एकोणसाठच्या एकोणसाठ तुकडे तिनं स्वतः मोजले आणि एकेक करून मशीनमधून काढले.

संध्याकाळी मालकांनी एका बोल्टवर दोन बोटांनी नट फिरवला. तो टोकापर्यंत गेला.

"राहू दे मशीन. पण ही कडही गेली तर..."

"तर मी खोक्यांपाशी," आत्यानं वाक्य पुरं केलं.

घरी जाताना मी म्हणालो, "उद्या मालकांना सांगतो, चूक माझी होती."

"सांग की. मी काय तुझं तोंड धरलंय?"

त्याला अकरा दिवस झाले. मालक रोज दिसतात, मी रोज नमस्कार करतो.