एकटी असल्याचा दाखला

शर्टांच्या त्या कारखान्यात जो जे शिवायचा, तेच त्याचं नाव पडायचं. बाही खिशाशेजारी बसायची, खिशाचं कफशी कधी पटलं नाही, आणि तिला सगळे कॉलर म्हणायचे. कॉलरीला हात हलका लागतो. टोक उलटवताना जरा जोर झाला की कापड गेलंच. तिचं कधी गेलं नाही.

कापड बेतणाऱ्या मास्तरशी तिचं जुळलं. दोघांनी एक खोली घेतली. लग्न करू करू म्हणता राहून गेलं. तिला दिवस गेले तेव्हा मास्तर दुसऱ्या शहरात जास्त पगाराच्या कामाला गेला. आधी रोज फोन यायचा, मग अधूनमधून, मग नंबरच बंद झाला. ती रडली नाही. आईबाप केव्हाच गेलेले, सख्खं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. बाळंतपणाला काजमावशी आली. ही कारखान्यात काजं करणारी वयस्क बाई, तोंडाची फटकळ आणि पायाने अधू. तिनेच बाळाला पहिली अंघोळ घातली, नाळ पुरून आली आणि दोन दिवसांनी स्वतःच्या मशीनवर परत गेली.

मुलगी झाली होती. मशीनशेजारी तान्हं मूल ठेवायला कारखान्यात बंदी होती, त्यामुळे कॉलरला घरीच बसावं लागलं. काजमावशी तयार शर्टांचे गठ्ठे आणून द्यायची; त्यांचे लोंबणारे धागे कापायचे, एवढंच काम. मुलगी मांडीवर, कात्री हातात. भूक लागली की ती चहा टाकायची. काही दिवसांनी भूक लागायचीही थांबली आणि तिला वाटलं, चला, एक कटकट मिटली.

दवाखान्यात बाळांचं वजन करायचा दिवस असायचा. तिथल्या नर्सने मुलीला तागडीतून उचललं, कार्डावर बघितलं आणि विचारलं, "तू काय खातेस?"

तिने आठवायचा प्रयत्न केला. खरंच आठवेना.

"पोरीला काही आजार नाही," नर्स म्हणाली. "उपाशी तू आहेस आणि वजन तिचं उतरतंय."

अंगावर पाजणाऱ्या बायकांना सरकारी धान्य मिळतं, घरात कमावतं माणूस नसेल तर जास्तच मिळतं, असं सांगून नर्सने तिला एक चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन ती निघाली. कोणी सांगितलं असतं की डोक्यावर उभी राहा, तर तशीही राहिली असती. तेव्हा तिचं सगळंच तसं चाललं होतं.

मदतीच्या कचेरीत बाकांच्या रांगा होत्या आणि भिंतीला लागून एक पंखा, जो फक्त शिपायाला वारा घालायचा. पुष्कळ बायका, पुष्कळ पोरं. पलीकडच्या बाकावर कुणाचंतरी बाळ टाहो फोडून रडायला लागलं आणि हिला पान्हा फुटला. स्वतःची मुलगी झोपलेली, आणि कुर्ता समोरून भिजत चाललेला. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने आपला पदर पुढे केला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, आणि वाटत नाही याचंच तिला थोडं नवल वाटलं. ती भिजलेल्या कापडाकडे बघत राहिली. दुसऱ्याच कुणाच्या अंगावरचं असल्यासारखं.

खिडकीपलीकडचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला सकाळपासून जेवायला उठता आलं नव्हतं, एवढंच.

"नवऱ्याची सही?"

"नाही."

"मग घटस्फोटाचा कागद."

"लग्नच झालं नाही."

"मग तो वारला असेल तर मृत्यूचा दाखला लागेल."

"वारला नाही."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "बाई, मग तो आहे कुठे?"

"ते माहीत असतं तर इथे कशाला आले असते?"

ती हे भांडून बोलली नव्हती. भाव विचारल्यावर दुकानदार सांगतो तसं सांगून मोकळी झाली होती. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. कारकून मात्र हसला नाही. त्याने समजावून सांगितलं की असल्याचा पुरावा देता येतो, नसल्याचा देणं अवघड. तेव्हा एक बाई घरी येऊन बघून जाईल, आणि शेजारचं कोणीतरी लिहून देईल की हिच्या घरात पुरुषमाणूस राहत नाही. मग काम होईल.

तपासणीची बाई भर दुपारी आली. खांद्याला जाड पिशवी, चेहरा उन्हाने लाल झालेला. आत येण्याआधीच ती उंबऱ्याशी थबकली. दाराबाहेर पुरुषाचे काळे बूट होते.

"हे कोणाचे?"

"त्याचे."

"म्हणजे तो इथेच राहतो."

मग कॉलरने सांगितलं. मास्तर जाताना जुने बूट टाकून गेला होता. ती भंगारात द्यायला निघाली तेव्हा काजमावशीने अडवलं. बाई एकटी आहे म्हटल्यावर दार वाजवणारे पुष्कळ निघतात, बूट दारात असू देत, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ते बूट तिथे होते. झाडताना ती उचलायची आणि झाडून झालं की परत ठेवायची.

तपासणीच्या बाईने वाकून एक बूट उचलला, उपडा केला. आतून माती पडली आणि वाळलेलं झुरळ. तरी ती कागदावर पेन टेकवेना. असले किस्से तिने पुष्कळ ऐकले असणार. शेजारचं कोण आहे, असं तिने विचारलं.

शेजारी घरमालकीण राहायची, मधल्या एका पातळ भिंतीपलीकडे. तिचं आणि हिचं नळावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, सांडपाण्यावरून, कशाकशावरून वाजलेलं होतं. लग्नावाचून राहतात म्हणून ती पहिल्यापासूनच तोंड फिरवायची. कॉलरला वाटलं, झालं, आता संपलं. वाटलं आणि तेवढ्यावरच राहिलं. छातीत धडधडलंही नाही.

घरमालकीण ओले हात पुसत आली. प्रश्न ऐकून घेतला.

"ही भिंत बघा," ती म्हणाली. "पलीकडे टाचणी पडली तरी मला ऐकू येते. पोर रडते ते ऐकू येतं. भांडं पडलं की ऐकू येतं. हिचा आवाज मात्र मी कित्येक महिन्यांत ऐकलेला नाही. ना कोणाशी बोलणं, ना भांडण, ना रडणं. घरात माणूस असता तर एवढी शांतता असती का हो? आणा तो कागद."

तिने सही केली, बूट दाराच्या मधोमध ठेवल्याबद्दल हिला बोलली आणि धुणं धुवायला निघून गेली.

तपासणीची बाई शिफारस लिहून गेली तरी कॉलर दारातच उभी होती. शिफारस झाली याचा आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र एवढंच कळत होतं की कोणीतरी आपलं ऐकत होतं, आणि ऐकायला काहीच नव्हतं. मुलगी जागी झाली. तिला अंगाशी घेतल्यावर लक्षात आलं की आपण हिच्याशी एकदाही बोललेलो नाही. काय बोलावं ते सुचेना. शेवटी गठ्ठ्यातला शर्ट दाखवत ती म्हणाली, "शर्ट आहे हा. निळा." आवाज घोगरा निघाला.

पुढल्या आठवड्यात धान्य आलं. तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाणे, अंडी. पहिलं अंडं तिने उकडून उभ्याउभ्याच खाल्लं, मीठ न घालता, औषध घ्यावं तसं. चव लागली नाही. तरी रोज खात राहिली, कारण नर्सने सांगितलं होतं. दूध वाढलं. कार्डावर मुलीच्या वजनाची रेघ वर सरकली.

मग एका सकाळी हातातून अंडं निसटलं आणि फरशीवर फुटलं. एवढंसं निमित्त. ती तिथेच बसली आणि रडायला लागली ती थांबेचना. मास्तर गेला तेव्हाचं, बाळंतपणातलं, कचेरीतलं, सगळं त्या फरशीवर. भिंतीवर धपका बसला.

"काय झालं गं?"

"अंडं फुटलं."

"मग पुसून घे. मुंग्या येतील."

काजमावशीला नंतर हे कळलं तेव्हा ती म्हणाली की बरं झालं, मला वाटलं होतं हिला रडण्याचा धागाच ओवता येत नाही.

मदत मुलीच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच होती. त्याआधीच ती अर्धा दिवस कारखान्यात जायला लागली. मुलीला तेवढा वेळ घरमालकीण सांभाळायची, कटकट करत, पण सांभाळायची. आता भिंतीपलीकडे, घरमालकिणीच्याच घरात आवाज जास्त होता. मास्तरचा फोन पुन्हा आला नाही. कॉलर संध्याकाळी दमून यायची, मुलीला उचलायची आणि दिवसभरात कोणी काय शिवलं, कोणाचं काय बिघडलं, ते तिला सांगायची. मधेच विसरायची, गप्प व्हायची. मुलगी मग तिची हनुवटी पकडून हलवायची.