वैमानिकाच्या बायकोची ओटी

समोर बेट दिसत होतं, पण बोट सुटेना. पुलाउ उबीनला जाणारी बमबोट (लाकडी मोटारबोट) माणसं भरल्याशिवाय हलत नाही, अगदी आपल्याकडच्या वडापसारखी. मला हसू आलं. मुलाकडे परदेशात, बुओना व्हिस्टाला आल्यापासून मी फ्लॅटमध्येच होते. आज सून सुप्रियानं ओढून बाहेर काढलं. बरोबर शेजारच्या हांकाआजी होत्या. पोलंडच्या, नव्वदीला टेकलेल्या, डोक्यावर गवती टोपी. त्या इंग्रजीत बोलायच्या, सुप्रिया मला मराठीत सांगायची आणि मी बुजून नुसती मान हलवायची.

बोट एकदाची सुटली. तोंडावर खारं पाणी उडालं.

"तुझ्या सासूबाई कुठल्या गं?" आजींनी सुप्रियाला विचारलं.

"कोल्हापूरच्या."

आजींनी माझं मनगट धरलं आणि चक्क मराठीत ओरडल्या, "वळिवडे! दूध घ्या, बाई!"

बोटवाला दचकून मागं बघायला लागला. माझ्या तर अंगावर काटा आला. वळिवडे आमच्या शेजारचंच गाव. लढाईच्या काळात तिथं पोलंडच्या बायकामुलांची छावणी होती, हे जुन्या माणसांकडून ऐकलं होतं. त्यातली एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती!

बेटावर उतरलो. पत्र्याची छपरं असलेली कंपोंगची (खेड्यातली) घरं, अंगणात कोंबड्या, भाड्याच्या सायकली घेऊन ओरडत जाणारी पोरं. एका टपरीवर नासी लमाक (नारळाच्या दुधातला भात) खाल्ला. तिखट चटणीनं आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी ती परत मागितली. खाता खाता वडिलांची गोष्ट सुरू झाली.

वडील लढाऊ वैमानिक. देश पडला तेव्हा डोंगर ओलांडून निसटले, फ्रान्समार्गे इंग्लंडला पोचले आणि तिथून एकट्यानं चालवायचं विमान घेऊन जर्मनांशी लढत राहिले. इकडे आजींना आणि त्यांच्या आईला रशियात बर्फात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे दोघी वळिवड्याला आल्या.

"छावणीतल्या घराच्या खिडकीतून आईनं मला पहिल्यांदा आंबा दाखवला," आजी म्हणाल्या. "आणि त्याच घरी तार आली. विमान समुद्रात पडलं, वैमानिक सापडला नाही."

छावणीतल्या बायका आईला काळे कपडे घाल म्हणाल्या. आई म्हणाली, ते येणार. एकीनंही तिची बाजू घेतली नाही.

मी उठून केळी घ्यायला गेले. टपरीवाल्या मावशींनी घड तोडला तशी चार केळी निसटली. सवयीनं मी पदर पसरून ती झेलली.

"हे! हेच!" आजी काठी आपटत उभ्या राहिल्या. "तार आली त्याच आठवड्यात दूधवाली बाई आली. आईच्या कपाळाला लाल लावलं. झग्याचा घोळ असा धरायला लावला आणि तांदूळ, नारळ, हिरवं कापड टाकलं. आईला वाटलं, भीक घालतेय. तिनं सगळं पायरीवर ठेवून दार लावून घेतलं. शेवटपर्यंत म्हणायची, त्या दिवशी दूधवालीनंसुद्धा मला विधवा ठरवलं. बाई, ती भीकच होती का?"

सुप्रियानं मराठीत सांगायच्या आधीच आजींच्या हातवाऱ्यांवरून मला कळलं होतं.

"सुप्रिया, विचार त्यांना, त्या बाईला तारेचं माहीत होतं?"

"आदल्या दिवशी ती आमच्या दारात बसून रडली होती," आजी म्हणाल्या.

मग मी भडाभडा बोलले. इतकी मी माहेरीसुद्धा कधी बोलले नव्हते. "आजी, ती भीक नव्हे. ती ओटी. जिचा नवरा जिवंत आहे, तिचीच भरतात. विधवेची कोणी भरत नाही. अख्खी छावणी गेला म्हणत होती आणि ती एकटी म्हणत होती, आहे. लोकांनी नावं ठेवली असती तिला!"

सुप्रियाचं सांगून झालं. आजी टोपी काढून मोठ्यानं हसल्या, गालांवर पाणी ओघळत. "ते होते! जर्मनांच्या कैदेत होते! लढाई संपल्यावर सापडले. पुढं इंग्लंडात बेकरीत पाव भाजत म्हातारे झाले. शिडीवर चढा म्हटलं तरी नको म्हणायचे!" आणि माझे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाल्या, "म्हणजे आई एकटी नव्हती."

परतीच्या बोटीत त्या तिथल्या तिथं इंग्लंडच्या भावाला फोन लावून पोलिश भाषेत ओरडत होत्या. शेजारची चिनी पोरगी म्हणाली, "आंटी व्हेरी हॅपी, लाह!"

कोल्हापूरला परतल्यावर मी जाऊबाईंना घेऊन वळिवड्याला गेले. पारावरच्या म्हाताऱ्याला त्या दूधवालीबद्दल विचारलं, तर तो हसला. "मावशी, तवा निम्मं गाव छावणीत दूध घालत हुतं. कुणाची आजी म्हणून सांगू?"

तिथूनच सुप्रियाला फोन लावून आजींना सांगितलं, नाव सापडत नाही, कुठल्याही घरातली असेल.

सुप्रियानं त्यांचं उत्तर सांगितलं, "आई, त्या म्हणतात, मग सगळ्या घरांत सांगा. म्हणावं, वैमानिक परत आला होता."

जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. परक्या दारात मी आपणहून कधी उभी राहिलेली नाही. परदेश बघून आले, पण खरा धीर इथंच लागणार होता. मी पदर सारखा केला आणि पहिल्या घराची कडी वाजवली.