मामांच्या गच्चीवरचा करपा

सर्व संबंधितांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, त्या वर्षी नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर साथ आली होती आणि साथनिवारणाचा सगळा कारभार माझ्या बायकोच्या थोरल्या मामांच्या हाती होता. मामांइतका हट्टी माणूस पुण्यात झाला नाही, हे मी पुणेकरांची पूर्ण कल्पना असून लिहितो आहे.

साथ करप्याची होती. रोगी होते मामांचे बटाटे आणि टोमॅटो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मामांनी गच्चीवर कुंड्या, फुटके टब, तेलाचे डबे मांडून शेती आरंभली होती. संध्याकाळी नळाला पाणी आलं की मामा प्रत्येक झाडाला झारीने डोक्यावरून आंघोळ घालत. पानांच्या मागेसुद्धा पाणी पोचलं पाहिजे, हा आग्रह. "नुसतं मुळाशी घातलं तर नाही का चालत?" असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही नुसते पाय धुऊन ऑफिसला जाता का? खडकवासल्याचं पाणी सोडण्यात माझी अख्खी नोकरी गेली. पाण्याचं मला शिकवू नका."

या टोमॅटोंची कीर्ती सातासमुद्रापार होती. मामांची एकुलती एक मुलगी नीलू कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेली होती. त्या दिवसांत आमच्या गल्लीतून घरटी एक जण जातच होता. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई. मामी होत्या तोवर बोलायचं काम त्यांचं. मामा मागून "बरंय म्हणावं" एवढंच सांगत. मामी गेल्या आणि पुढचे कित्येक रविवार मामा रिसीव्हर धरून नुसते घसा खाकरत राहिले. मग टोमॅटोला पहिलं फूल आलं आणि मामांना कंठ फुटला. आवाज स्वतःच्याच बळावर अमेरिकेला पोचवायचा असल्यासारखे ते ओरडत, "नीलू, सोळा लागलेत. दोन लालीवर आहेत." खालच्या मजल्यावर आम्हाला चहाबरोबर ताजा आकडा मिळे.

अशातच चार दिवस आभाळ आलं, भुरभुर पाऊस झाला, आणि बटाट्याच्या पानांवर काळपट डाग दिसले. दोन दिवसांत टोमॅटोवरही. मामांनी निकाल दिला, "बटाटे पोत्यातले, कोंब फुटलेले. कुठल्या घरचे, कोण जाणे. टोमॅटो आमचा सरळ होता, संगतीने बिघडला." गच्चीच्या दारात बादली आणि साबण आला. हातपाय धुतल्याशिवाय वर प्रवेश नाही. माझी बायको कपडे वाळत घालायला गेली, तर सख्ख्या भाचीला मामांनी पायरीवरच अडवलं. "काय चिरून आलीस?" ती म्हणाली, "कोशिंबिरीला टोमॅटो." ओले कपडे घेऊन ती परत आली.

शेवटी मी शेतकी कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्राला आणलं. (त्यानेही पाय धुतले.) पान उलटसुलट करून त्याने आंघोळीची चौकशी केली आणि म्हणाला, "काका, संध्याकाळी भिजवलेली पानं रात्रभर ओली राहतात. करप्याला तेच हवं असतं. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले, एकाचा रोग दुसऱ्याला होणारच. आता सगळं उपटा आणि टाकून द्या."

मामांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या कॉलेजात झाडं वाढवतातही, की नुसती उपटतात?"

मित्र गेला. त्या संध्याकाळपासून झारी मात्र खुंटीला लागली. शनिवारपर्यंत खोडं काळी पडली, हिरवे टोमॅटो तपकिरी होऊन गळाले. मी सुचवलं, "मंडईतून चांगले आणू आणि दोऱ्याने बांधू." मामा म्हणाले, "खोटा आकडा मी सरकारलासुद्धा दिला नाही."

मग मीच बाह्या सरसावल्या आणि पहिल्या टोमॅटोच्या बुंध्याला हात घातला. मामांनी माझं मनगट धरलं. आता त्या गच्चीवर टीव्हीच्या छत्र्या आहेत आणि मामाही नाहीत, पण ती पकड मला अजून आठवते. सगळी नोकरी कुणाला उत्तर द्यायला न अडलेला तो माणूस झाडाकडे बघत एकदम बोलून गेला, "थांबा हो, जावईबापू. सगळं उपटलंत तर उद्या सकाळी मी नीलूशी बोलू काय?"